दुखावणे वेगळे, हाकलणे वेगळे



आज आपण रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात बसलो आहोत. हा पत्ता सांगताना कोणाला आवाज खाली आणावा लागत नाही. महाराष्ट्रात मात्र वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला. जातीचे नाव एकाचा पत्ता असते, दुसऱ्याला तीच शिवी होते. म्हणून ‘सगळ्यांनी सभ्य बोला’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. भावना दुखावल्या, एवढ्यावरून कोणाचे बोलणे बंद करता येणार नाही. तसे केले तर पहिला बळी आपलाच जातो. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले. राम-कृष्णावरचे परिशिष्ट काढा, अशी ओरड झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये लाखो लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले. मजकूर राहिला, पण शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप जोडली गेली. बाबासाहेबांनी ग्रंथांना प्रश्न विचारले होते, कोणाला गाव सोडायला सांगितले नव्हते.

हा फरक रायपूरने २०२१ मध्ये दोनदा पाहिला. सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे वडील नंदकुमार बघेल यांना अटक झाली. ब्राह्मण परके आहेत, त्यांना गावात येऊ देऊ नका, असे बोलल्याचा आरोप होता. २६ डिसेंबरला इथल्या धर्मसंसदेत अकोल्याच्या कालीचरण महाराजांनी गांधीजींना शिवी दिली आणि गोडसेला नमस्कार केला. टाळ्याही पडल्या. महंत रामसुंदर दास मात्र तिथेच निषेध करून निघून गेले. पुढे कालीचरण यांनाही अटक झाली.

गांधीजींवर कठोर टीका बाबासाहेबांनीही केली. टीकेला हरकत नाही, खुनाचा गौरव करायला आहे. हे आपण सहज बोलतो. पहिल्या प्रकरणावर मात्र गप्प बसतो, कारण बोलणारा आपल्या बाजूचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान आणि एका भाषणातला अपमान सारखा नाही, हे मी मानते. पण गावबंदी आणि बहिष्कार ही हत्यारे कोणावर चालली, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? शिवाय आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत बाबासाहेबांनीच १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ मध्ये खोडून काढला आहे.

‘मग संघर्षच करायचा नाही का?’ करायचा. २० मार्च १९२७ ला महाडमध्ये आपल्या माणसांची डोकी फुटली. उलट मारायला माणसे तयार होती, बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. ते आजही अनेकांना खुपते. पण त्या आगीत कोणाचे घर जळले नाही, कोणाचे पाणी तुटले नाही.

म्हणून कोणतेही भाषण ऐकताना दोन गोष्टी विचारा. बोट विचारावर, वागण्यावर आहे की जन्मावर? आणि हे ऐकून उद्या कोणाला घराबाहेर पडायची भीती वाटेल का? तसे असेल तर बोलणारा आपला असला तरी त्याला तिथल्या तिथे अडवा. बाकी बोलणे कितीही कडू असो, त्याला पोलीस ठाण्यात नेऊ नका. सभेत उत्तर द्या. शिकलो आहोत ते त्यासाठीच.

जय भीम.