पायाची परीक्षा

दिवाळीपूर्वीं घराची रंगरंगोटी करतांना भिंतींवरील भेगा बुजवून टाकण्याचा प्रघात आपल्याकडे सर्वत्र आहे. पुढच्या वैशाखांत तीच भेग त्याच जागीं पुनः उघडते, आणि मालक गवंड्याच्या नांवानें बोटें मोडतो. वास्तविक गवंड्याचा त्यांत कांहीं अपराध नसतो. भिंतीच्या खालीं काय चाललें आहे याची विचारपूस न करतां भेग लिंपणें म्हणजे साक्षीदाराचेंच तोंड बंद करणें होय.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या भागांत ज्यांचीं घरें काळ्या जमिनीवर उभीं आहेत, त्यांनीं तर ही विचारपूस अवश्य करावी. बेसाल्टचा खडक झिजून झालेल्या या मातींत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. तें पाणी शोषून फुगतें व वाळलें कीं आकसतें. उन्हाळ्यांत शेताला पडलेल्या भेगेंत हात जातो, हें कोणा शेतकऱ्याला सांगावयास नको. परंतु तीच हालचाल घराच्या पायाखालींहि होत असते, याचा विसर पडतो. सगळें घर सारखेंच वर गेलें आणि सारखेंच खालीं आलें, तर कदाचित् कोणाला कळणारहि नाहीं. घात होतो तो एक कोपरा ओला व दुसरा कोरडा राहिल्यानें. कोंकणांतील जांभ्याच्या जमिनीवर हा उपद्रव सहसा नसतो.

प्रत्येक भेग पायाचीच असते असें मात्र नाहीं. गिलावा वाळतांना पडलेल्या केसासारख्या बारीक रेषांना भिण्याचें कारण नाहीं. थोडा गिलावा खरवडून पाहावा. भेग विटांत उतरली असेल, भिंतीच्या पलीकडच्या अंगासहि दिसत असेल, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून पायरीपायरीनें तिरकी गेली असेल, तर पायाचा संशय घ्यावा. भेग वर रुंद व खालीं निमुळती असेल, तर भिंतीचें टोंक खचत असण्याचा, किंवा मधला भाग फुगून वर येत असण्याचा संभव अधिक. उलट खालीं रुंद असेल, तर मधला भाग बसत असावा. पावसाळ्यांत दार अडकूं लागलें कीं कोणी म्हणतो लांकूड फुगलें, कोणी म्हणतो पाया खचला. अशा वेळीं वाद न घालतां चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीनें मोजावेत. ते सारखे भरले तर सुताराला बोलवावें. सारखे नसतील, आणि पूर्वीं तेंच दार नीट लागत असेल, तर चौकटीसह भिंतच वाकडी झाली आहे.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भेग जिवंत आहे कीं मेलेली? नवें घर पहिल्या कांहीं वर्षांत थोडें बसतें व थांबतें. ती भेग बुजविली तरी चालते. ओळखण्यासाठीं भेगेवर कांचेची पट्टी बसविण्याची जुनी रीत आहे. भिंत हालली कीं कांच फुटते. परंतु किती हालली, हें फुटकी कांच सांगत नाहीं. त्यापेक्षां भेगेच्या दोन्ही बाजूंस एकेक खिळा पक्का बसवावा, दोहोंमधील अंतर दरमहा मोजावें, आणि तारखेसह वहींत टिपावें. एक उन्हाळा व एक पावसाळा पुरता गेल्याशिवाय निकाल देऊं नये. अंतर ऋतूबरोबर वाढत-घटत असेल तर माती फुगते-आकसते आहे; एकसारखें वाढतच असेल तर जाणत्या इंजिनियरला दाखविण्यास विलंब करूं नये. आणि भेग चार दिवसांत डोळ्यांदेखत रुंदावत असेल, ओळंबा धरला असतां भिंत झुकलेली दिसत असेल, किंवा तुळईचें टोंक भिंतींतून निसटत असेल, तर वही राहूं द्यावी. माणसें आधीं बाहेर काढावींत.

पाया उकरण्यापूर्वीं पाण्याचा तपास करावा, कारण पुष्कळदां रोग तेथेंच सांपडतो. न्हाणीघराची झिरपणारी मोरी, गळका नळ, पन्हळीचें भिंतीलगत पडणारें पाणी यांमुळें एकच कोपरा बारमाही ओला राहतो. भिंतीजवळचें मोठें झाड उलट जमिनींतील ओल ओढून घेतें. म्हणून तें एकाएकीं तोडूंहि नये. ओल ओढणारें कोणी न उरल्यानें माती फुगते व भिंत उचलली जाते. घराभोंवतीं बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी केली आणि पाणी दूर नेलें, तर पायाला हात न लावतां अनेक भेगा स्थिरावतात.

एवढ्यानें उलगडा न झाल्यास खड्डा घेऊन पाया पाहावा लागतो. तो कोरड्या दिवसांत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, एका वेळीं एकच घ्यावा. भिंतीच्या लांबीभर चर खणणें किंवा पायाच्या बुडाखालीं जाणें म्हणजे आपल्याच हातानें आधार काढणें. पाया मुरमापर्यंत पोंचला आहे कीं काळ्या मातींतच थांबला आहे, हें प्रथम पाहावें. सांध्यांतील चुना सुरीच्या टोंकानें भुगा होऊन पडतो काय, हेंहि पाहावें. काळ्या मातीचा थर खोल असेल तेथें, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें विकसित केलेले, बुडाशीं कंदासारखे फुगवटे असलेले खांब जमिनींत उतरवून त्यांवर नवें घर उभारतां येतें. त्यांची लांबी साधारणतः ३.५ मीटरांहून कमी ठेवीत नाहींत, कारण त्याखालीं ऋतूंची ओल-कोरड फारशी पोंचत नाहीं. जुन्या घराखालीं असे खांब घालणें मात्र खर्चाचें व जोखमीचें काम आहे. तेव्हां काळ्या जमिनीवरील जुनें घर विकत घेणारानें तें एकदां वैशाखांत व एकदां भाद्रपदांत पाहावें, आणि नुकताच नवा गिलावा दिलेल्या भिंतीपाशीं अंमळ अधिक वेळ उभें राहावें.