दोन शेजारी आणि प्रौढांची साक्षरता

दोन देशांतील प्रौढांच्या शिक्षणाची तुलना करावयाची म्हणजे प्रथम माप तपासलें पाहिजे. भारतीय खानेसुमारींत कोणत्याहि एका भाषेंत समजून वाचतां-लिहितां येणारा मनुष्य साक्षर गणला जातो. चीनच्या १९८८ च्या नियमांत चिन्हांची संख्याच ठरविलेली आहे : शेतकऱ्यास १,५०० व कामगारास २,००० चिन्हें आलीं पाहिजेत, शिवाय सोपें वृत्तपत्र समजलें पाहिजे व साधा हिशेब ठेवतां आला पाहिजे. मराठी मनुष्याचें काम पन्नासएक वर्ण व बाराखडी ह्यांवर भागतें. चिनी शेतकऱ्याची वाट उघडच अधिक चढणीची.

तरीहि ती चढण त्यानें आधीं ओलांडली. १९४९ च्या सुमारास चीनमध्यें दर पांचांत चार माणसें निरक्षर असावींत, असा अंदाज आहे. १९५१ सालीं भारतांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा १८ होतें. आरंभ जवळजवळ सारखाच. परंतु १९८१ सालीं भारतांतील पंधरा वर्षांवरील लोकांत शेंकडा ४१ साक्षर आढळले, तर १९८२ सालीं चीनमध्यें शेंकडा ६५. स्त्रियांपुरतें पाहिलें तर भारतांत चौघींत एक, चीनमध्यें दोघींत एक.

ह्या अंतराचें मोठें कारण मुलांच्या शाळा हेंच होय. आजचें शाळकरी मूल उद्यांचा साक्षर प्रौढ होतें. शाळेस मुकलेल्या प्रौढांसाठीं चीनमध्यें शेतीचीं कामें थंडावलीं म्हणजे हिवाळी वर्ग भरत. १९५५ सालीं शांतुंग प्रांतांतील एका खेड्यांतला वर्ग विशेष गाजला. सहकारी शेतीवर कोणीं किती काम केलें हें लिहून ठेवणारे पुरेसे मिळेनात. म्हणून तेथील तरुणांनीं गांवकऱ्यांचीं व शेतांचीं नांवें, अवजारें आणि पिकें ह्यांचींच चिन्हें प्रथम शिकविलीं. जें रोज लिहावें लागतें, तें विसरणार कसें?

महाराष्ट्रांतहि १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शिकण्याची हौस येथेंहि उणी नव्हती. कसोटी लागली ती वर्ग संपल्यावर. जेथें घरांत वाचावयास कांहीं नाहीं आणि व्यवहाराचे कागद दुसऱ्याच्या हातीं, तेथें गिरविलेलीं अक्षरें पुसट होत गेलीं.

२०११ च्या खानेसुमारींत भारतांतील सात वर्षांवरील पुरुषांत शेंकडा ८२ साक्षर होते, स्त्रियांत शेंकडा ६५. उरलेल्या स्त्रियांपैकीं जी मजुरीच्या कागदावर अंगठा उठविते, तिच्या शिक्षणाचा आरंभ त्याच कागदापासून झाला पाहिजे. आपल्या नांवापुढें किती दिवस मांडले आणि किती रुपये, हें तिला वाचतां आलें, म्हणजे पुढचीं अक्षरें शिकण्याचा आग्रह तिला कोणी करावा लागणार नाहीं.