घरचा संगणक आणि तंबोऱ्याचा सूर

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरवून घेतलें. गायिकेनें कर्ण्याच्या तोंडाशीं गावें आणि तीनएक मिनिटांत सारें आटोपावें, अशी ती व्यवस्था होती. रागाचा विस्तार तेवढ्यांतच कोंबावा लागे, आणि सुईची खरखर हा गाण्याचाच एक भाग म्हणून ऐकणारे पत्करीत. आज तासाभराचा ख्याल, विलंबितापासून द्रुतापर्यंत, खरखरीवांचून घरबसल्या ऐकतां येतो. त्याचें साधनहि बहुतेक घरांत आलेलें आहे. ज्या संगणकावर मुलें अभ्यास करतात आणि वडील माणसें विजेचें बिल भरतात, तोच संगणक या कामाला पुरतो. तरीहि पुष्कळ सुशिक्षित घरांत तें गाणें संगणकाच्या पोटांतल्या बोटभर स्पीकरांतून ऐकलें जातें, आणि "पूर्वीच्या रेकॉर्डची गोडी यांत नाहीं" असा निकाल दिला जातो. या निकालांत संगणकाचा दोष किती आणि मांडणीचा किती, हें पाहण्यासारखें आहे.

एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. गृहस्थ नोकरींतून निवृत्त झालेले. गृहिणीनें तरुणपणीं गाण्याची रीतसर तालीम घेतलेली. कपाटांत हौसेनें जमविलेल्या तीनशें सीडी. त्या वाजविणारें यंत्र बंद पडलेलें, आणि दुरुस्त करणारा कारागीर मिळत नाहीं. कांहीं तबकड्यांवर ओरखडे उठलेले, एक-दोहोंच्या कडेला तपकिरी डाग पसरूं लागलेले. त्यांतल्या कित्येक आतां बाजारांत मिळतहि नाहींत. अशा घरांत हा प्रश्न चैनीचा राहत नाहीं. त्या गाण्याला पुढें आयुष्य किती, असा तो प्रश्न होतो.

सीडी हा प्रकार १९८२ सालीं बाजारांत आला. जुन्या तबकडीवर स्वराची लाट खोबणीच्या वळणांत कोरलेली असे. सीडीवर केवळ आंकडे असतात. आवाजाच्या लाटेची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळां मोजावयाची, प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर नोंदवावयाची, आणि हें डाव्या व उजव्या बाजूसाठीं वेगवेगळें करावयाचें, अशी तिची रीत. दोन मोजण्यांच्या मधला स्वर यांत गळून जात असेल, अशी शंका पुष्कळांना येते. ती निराधार आहे. हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ मध्यें ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनीं १९४९ मध्यें जें सिद्ध करून मांडलें, तें गणित असें सांगतें कीं, लाटेंतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी केली, तर मूळची अखंड लाट त्या आंकड्यांवरून पुन्हां उभी करतां येते. तरुण व निरोगी कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकूं येतें. उतारवयांत ही मर्यादा बरीच खालीं येते. म्हणजे सीडीवरील आंकडे माणसाच्या कानाला पुरे पडतात. उरतें तें एवढेंच कीं, ते आंकडे वाटेंत न बिघडतां कानापर्यंत पोंचावे. संगणकाची भूमिका येथें मध्यस्थाची आहे, आणि मध्यस्थानें पदरचें कांहीं घालूं नये.

पहिलें काम उतरवून घेण्याचें. नव्या संगणकांना सीडीचा कप्पा बहुधा नसतो. तो बाहेरून जोडावा लागतो. घाईनें नक्कल करणारे प्रोग्राम ओरखड्याच्या जागीं जें वाचतां आलें नाहीं तें अंदाजानें भरून काढतात, आणि त्याची वाच्यताहि करीत नाहींत. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्राम संशयाची जागा पुनःपुन्हां वाचतो. शिवाय 'ॲक्युरेटरिप' या सामायिक नोंदींशीं ताडून, तीच सीडी इतरांनीं उतरविली तेव्हां मिळालेले आंकडे आणि घरचे आंकडे जुळतात कीं नाहीं, तेंहि सांगतो.

उतरविलेलें गाणें 'फ्लॅक' या प्रकारांत ठेवावें. तासाभराच्या सीडीला सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅकमध्यें ती बहुधा निम्म्याच्या आसपास येते. लुगड्याची घडी घालून पेटींत ठेवावी आणि उलगडतांच तें जसेंच्या तसें निघावें, तसा हा प्रकार. एकहि आंकडा कमी होत नाहीं. एमपीथ्रीची तऱ्हा निराळी. कानाला जाणवणार नाहीं असें जें वाटतें, तें ती कापून टाकते. १२८ किलोबिटांच्या एमपीथ्रींत मूळच्या अकराव्या हिश्शाइतकीच माहिती उरते. अधिक जागा दिलेली एमपीथ्री मुळापासून वेगळी ओळखणें कठीण जातें, हें खरें. पण संग्रह जपावयाचा असेल, तर एकदां कापलेलें कापड पुन्हां जोडतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. तीनशें सीडी फ्लॅकमध्यें शंभर-सव्वाशें गिगाबाइटांत बसतात. त्यांच्या दोन प्रती कराव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी.

याच वेळीं राग, ताल, गायक आणि साथीदार यांचीं नांवें प्रत्येक फाईलीला जोडून लिहावींत. इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या नांवांवर विसंबूं नये. त्यांत राग गायकाच्या जागीं आणि गायक बंदिशीच्या जागीं सांपडतो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, ही माहिती पुष्कळदां घरांतल्या एकाच माणसाच्या स्मरणांत असते. ती लिहून ठेवणारें दुसरें कोणी नाहीं.

दुसरें काम वाजविण्याचें. संगणक हा एकाच वेळीं दहा कामें करणारा कारकून आहे. गाणें चालूं असतांना पत्र आल्याची घंटाहि त्याच वाटेनें जाते. त्यासाठीं विंडोजमध्यें सर्व आवाज एकत्र मिसळून एका ठराविक गतीनें पुढें पाठविले जातात. ती गति ४८,००० ठेवलेली असेल, तर सीडीचे ४४,१०० आंकडे वाटेंत नव्यानें बेतले जातात. ही बेतणी हल्लीं चांगली होते, पण ती मुळांतच टाळतां येते. 'फूबार२०००' या विनामूल्य प्रोग्रामांत 'एक्सक्लुझिव्ह' ही सोय निवडली, म्हणजे गाणें संपेपर्यंत त्या वाटेवर दुसऱ्याला मज्जाव होतो. मॅक संगणकावर 'ऑडिओ मिडी सेटअप' मध्यें गति ठरवितां येते. याहूनहि महत्त्वाचें म्हणजे 'एन्हान्समेंट' या नांवाखालीं घातलेली सारी सजावट बंद करावी. तींतला एक प्रकार हळू आवाज वर ओढतो आणि मोठा आवाज खालीं दाबतो. चित्रपटांतल्या संवादांना तो उपयोगी पडत असेल. ख्यालांत मात्र मींडेचा विसावा आणि तानेचा जोर त्यामुळें एका पातळीवर येतात. गायकानें जन्मभर वेंचून मिळविलेला लहान-मोठा स्वर क्षणांत सपाट होतो.

एक चूक गृहिणीच्या कानानेंच पकडावी, अशी असते. विलंबित आणि द्रुत ह्या सीडीवर पुष्कळदां दोन निरनिराळ्या नोंदी असतात, पण गाणें एकसंध असतें. कांहीं प्रोग्राम दोहोंच्या मध्यें क्षणभर थांबतात. गृहस्थांना तें कळतहि नाहीं. तालीम घेतलेला कान मात्र दचकतो, कारण तंबोरा तुटतो. प्रोग्राम निवडतांना दोन नोंदी सलग वाजतात कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

तिसरें काम आंकड्यांचा पुन्हां आवाज करण्याचें. तें करणारा भाग प्रत्येक संगणकांत असतो, पण तो विजेच्या गर्दींत दाटीनें बसविलेला असतो. 'डॅक' या नांवानें दुकानांत मिळणारी छोटी पेटी यूएसबीनें जोडली, कीं तें काम बाहेर, निवांत जागीं होतें. साधीशी पेटीहि या कामाला पुरते. लॅपटॉप चार्जरवर असतांना स्पीकरांतून घुमघुम येत असेल आणि बॅटरीवर चालवितांच ती थांबत असेल, तर तो दोष ध्वनिमुद्रणाचा नव्हे. संगणक आणि अॅम्प्लिफायर जमिनीशीं दोन वाटांनीं जोडले गेले, म्हणजे घरच्या विजेचीं ५० कंपनें आणि त्यांच्या पटी आवाजांत शिरतात. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावरून चालवावींत. तेवढ्यानें न भागल्यास मध्यें ऑप्टिकल तार वापरावी. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कांहीं जण सांगतात. तो जिवावर बेतणारा आहे; त्याच्या वाटेस जाऊं नये.

आतां स्पीकर. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या तंबोऱ्याइतका कठोर परीक्षक दुसरा नाहीं. काळी एकच्या पट्टींत मध्य षड्ज सेकंदाला सुमारें १३९ कंपनांचा, आणि शेवटच्या तारेचा खर्ज सुमारें ६९ कंपनांचा. लॅपटॉपचा स्पीकर हा खर्ज जवळजवळ देतच नाहीं. वरच्या स्वयंभू स्वरांवरून कान त्याची कल्पना करून घेतो, म्हणून सूर ओळखतो. पण त्याचा भरीवपणा हरवलेला असतो. ज्यांना पैसा खर्च करावयाचा आहे त्यांनीं त्याचा मोठा वांटा स्पीकरांवर खर्चावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, वरच्या पट्टीचे लहान शंकु कानाच्या उंचीवर यावेत, आणि स्पीकर कोपऱ्यांत कोंबूं नयेत. कोपरा खर्ज फुगवितो आणि डग्गा घागरींतून वाजल्यासारखा होतो.

शेवटचें वाद्य म्हणजे खोली. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहांत व्याख्यान समजेनासें झालें, तेव्हां वॉलेस सॅबिन यांनीं शेजारच्या नाट्यगृहांतल्या बैठकीच्या गाद्या आणून, गाद्या वाढवितांना घुमारा किती कमी होतो तें मोजलें. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्यांतून घातला गेला. फरशी, उघड्या भिंती आणि कांचेच्या खिडक्या असलेल्या आजच्या सदनिकेला हाच धडा लागू पडतो. जमिनीवर सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे, आणि मागच्या भिंतीशीं पुस्तकांचें कपाट एवढ्यानें जो फरक पडतो, तो कोणत्याहि महाग तारेनें पडत नाहीं. संगणकाचा पंखा ऐकूं येत असेल, तर बिनपंख्याचा लहान संगणक वापरावा. छताचा पंखाहि तासभर बंद ठेवावा. आलापाच्या पहिल्या दहा मिनिटांना तेवढी उकाड्याची किंमत द्यावीच लागते.

तारेचा विषय निघालाच आहे. यूएसबीच्या तारेंतून आंकडे जातात. ते बरोबर पोंचले तर पोंचले. चुकले तर टकटक ऐकूं येते किंवा आवाज तुटतो. स्वराला "गोडवा" आणणारी तार हें विक्रेत्याचें वाक्चातुर्य समजावें. सीडीहून अधिक आंकड्यांच्या 'हाय रेझोल्यूशन' ध्वनिमुद्रणांविषयींहि तारतम्य ठेवावें. मेयर आणि मोरन यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या चांचणींत, असें ध्वनिमुद्रण आणि तेंच सीडीच्या मापांत बसविलेलें, यांतला भेद ऐकणाऱ्यांना ओळखतां आला नाहीं; बरोबर उत्तरें निम्म्याच्या जवळ आलीं. रीस यांनीं २०१६ मध्यें अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण सुमारें ५२ टक्के निघालें. भेद शून्य नसेल, पण तो इतका बारीक आहे. १९०२ सालची तबकडी कितीहि आंकड्यांत उतरविली, तरी त्या कर्ण्यांत जें शिरलें नाहीं तें बाहेर निघणार नाहीं.

स्वतःच्या कानाची परीक्षा घरींच घेतां येते. एकानें पाठीमागें बसून दोन यंत्रें आलटून पालटून वाजवावींत, दुसऱ्यानें न पाहतां ओळखावें, आणि निदान वीस वेळां हें करावें. दोहोंचा आवाज मात्र अगदीं सारखा ठेवावा, कारण किंचित् मोठा आवाज नेहमींच अधिक चांगला भासतो. गृहस्थांनीं मोठ्या किंमतीला आणलेली तार या परीक्षेंत साध्या तारेहून वेगळी ठरली नाहीं, तर ती परत करतांना संकोच बाळगण्याचें कारण नाहीं. मिळालेल्या पैशांत सतरंजी येते.

या साऱ्या खटाटोपाचें फळ एका संध्याकाळीं पाहावयास मिळतें. गृहस्थ पंखा बंद करतात, पडदे ओढतात. कपाटांतल्या तीनशें सीडी अजून तेथेंच आहेत, पण आतां त्यांच्यावर सारा भार नाहीं. तंबोरा सुरू होतो. खर्जाच्या तारेनंतर उमटणारा गंधार, जो कोणी छेडलेला नसतो, तो खोलींत स्पष्ट ऐकूं येतो. विलंबित संपून द्रुत लागतो, आणि तंबोरा तुटत नाहीं. गृहिणी डोळे मिटून मांडीवर बोटांनीं मात्रा मोजीत असते. संगणक कोठें ठेवला आहे, याची त्या वेळीं कोणालाच आठवण नसते.