आधी डीपी, मग मोटार



मोटार बंद पडली तर काय करायचं, हे बारामती-इंदापूर भागातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तो लगेच विहिरीत उतरत नाही. आधी स्टार्टर बघतो, मग डीपीवर जाऊन फ्यूज बघतो, शेजारच्या रानातली मोटार चालू आहे का ते कान देऊन ऐकतो. बिघाड आपल्या बांधाच्या आत आहे की बाहेर, एवढं कळल्याशिवाय मोटार वर काढायची नाही, हा साधा हिशोब. त्याच घरातला इंजिनिअर झालेला मुलगा मात्र बिटकॉइनचा नोड बसवतो, आणि नोड जगाशी बोलेनासा झाला की पहिल्या झटक्यात सगळं पुसून नव्यानं टाकायला बसतो. दोन-चार दिवस त्यात जातात आणि बिघाड होता तिथेच राहतो, कारण तो बऱ्याचदा घरात नसतोच.

नोड म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. तेव्हापासूनच्या सगळ्या व्यवहारांची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर आहे आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिच्यात एका ब्लॉकची भर पडते. ही पूर्ण नोंद स्वतःकडे ठेवून, आलेला प्रत्येक ब्लॉक नियमात बसतो का हे स्वतः तपासणारा संगणक म्हणजे नोड. मायनिंग, म्हणजे नवे ब्लॉक तयार करण्याचं काम, वेगळं. बिटकॉइनचा नोड चालवल्याबद्दल एक रुपयाही मिळत नाही. उलट विजेचं बिल वाढतं. मग लोक का चालवतात? कुतूहल म्हणून, किंवा स्वतःचे व्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर न सोडता तपासता यावेत म्हणून.

हे मुद्दाम सांगतोय. ‘आमच्या नोडमध्ये पैसे गुंतवा, महिन्याला इतके टक्के घ्या’ असं सांगणारे लोक तालुक्याच्या गावापर्यंत पोचतात. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये कारवाई केलेली गेनबिटकॉइन योजना आठवून पाहा. महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असं तिचं आश्वासन होतं. तिथे शब्द मायनिंगचा होता, उद्या नोडचा असेल. असा फोन आला तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लक्षात ठेवा. आणि क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीत नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के आयकर आहे, हेही घरात ज्यानं कुणी हे वेड घेतलंय त्याच्या कानावर घाला.

आता मूळ विषय. बिटकॉइनची पूर्ण नोंद ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. ५० एमबीपीएसची फायबर लाइन पूर्ण वेगानं अखंड चालली, तरी ६०० जीबी नुसतं उतरवून घ्यायला सत्तावीस तास लागतात. प्रत्येक व्यवहार तपासण्याचा वेळ वेगळा, आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तो वेळ आठवड्यांवर जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दोन जीबीत, हे काम करू म्हणाल तर तीनशे दिवस लागतील आणि तोवर नोंद आणखी लांबलेली असेल. तेव्हा ‘नोड अडकलाय’ असं म्हणण्याआधी तो खरंच अडकलाय की आपला नुसता वेळ घेतोय, ते बघा. खाली टक्केवारी पुढे सरकत असेल तर त्याला हात लावू नका. जागा कमी असेल तर प्रून करायची सोय आहे. नोड सगळं तपासतो, पण जुने ब्लॉक टाकून देतो. मग ब्लॉक ठेवायला ५५० एमबीसुद्धा चालतात. उतरवावं मात्र सगळंच लागतं, डेटा वाचत नाही. पुष्कळजण इथेच फसतात.

समजा नोड खरंच अडकला आहे. पहिलं काम, फायबरचा जो डबा भिंतीवर लावलाय त्याच्यासमोर उभं राहायचं. त्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर संगणकाला हात लावायचं कारणच नाही, प्रकाश त्या डब्यापर्यंत येतच नाहीये. आपल्याकडे याची कारणं ठरलेली. रस्त्याच्या रुंदीकरणाला किंवा गावच्या पाइपलाइनीला जेसीबी लागला आणि केबल तुटली. खांबावरून लोंबणाऱ्या केबलखाली कुणी पाचट पेटवलं. उंदरानं कुरतडली. नाहीतर घरातच कपाट मागे सरकवताना पिवळी पॅचकॉर्ड दुमडली. काच आहे ती, वायरीसारखी वाकवून चालत नाही. दिवा लाल नाही पण नेट तुटक येतंय, असं असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसते. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे सत्तावीसच्याही खाली गेली असेल तर कुठला तरी जोड खराब आहे, आणि तो केबलवाल्यानंच स्प्लायसिंग मशिन आणून नीट करायचा आहे.

दुसरी गोष्ट विजेची. गावठाणातल्या घराची वीज आणि रानातल्या वस्तीवरची वीज यांत किती फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरात इन्व्हर्टर आहे, राऊटरला छोटा यूपीएस आहे, सगळं चालू आहे, तरी नेट नाही. का? ज्या खोलीत केबलवाल्याचं, घरोघरी प्रकाश पाठवणारं ओएलटी यंत्र ठेवलंय, तिथली बॅटरी उतरलेली असते. हाही बांधाबाहेरचा बिघाड. आतली काळजी वेगळी: लिहिण्याचं काम चालू असताना नोडची वीज अचानक गेली तर त्याचा डेटाबेस बिघडू शकतो, आणि मग आख्खी नोंद पुन्हा तपासायला लागते. रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रावर त्यात दिवसच्या दिवस जातात. यूपीएस घ्यायचाच असेल तर राऊटरच्या आधी नोडला घ्या, असं माझं मत आहे. नेट गेलं तर नोड थांबून राहतो, बिघडत नाही.

डब्याचे दिवे हिरवे आहेत, फोनवर नेट चालतंय, आणि नोडच्या इतर नोडांशी जोडण्या मात्र शून्य. आता बिघाड आत आला. बिटकॉइन कोअर या नोडच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत उजवीकडे खाली जोडण्यांचं एक छोटं चिन्ह असतं. चुकून त्यावर बोट पडून नेटवर्कच बंद झालेलं असू शकतं. ते आधी बघा. विंडोजच्या फायरवॉलनं प्रोग्रॅम अडवलाय का, तेही बघा. नोड वाय-फायवर असेल तर लॅन केबल लावून बघा. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीतून पलीकडच्या खोलीत वाय-फायची दांडी येते, पण रात्रंदिवस चालणाऱ्या कामाला ती पुरत नाही.

आणि घड्याळ. हे कुणी बघत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या संगणकाच्या बोर्डावर सीआर २०३२ नावाचा चपटा सेल असतो. तो संपला की वीज जाऊन आल्यावर संगणक मागच्या कुठल्यातरी वर्षात जागा होतो. नोडचा नियम असा, की स्वतःच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून जास्त पुढची वेळ असलेला ब्लॉक स्वीकारायचा नाही. म्हणजे तुमचा संगणक २०१५ सालात असेल तर आजचा प्रत्येक ब्लॉक त्याला भविष्यातला वाटतो आणि तो नाकारतो. जोडण्या दिसतात, दिवे हिरवे असतात, आणि नोंद एका जागी गोठलेली. त्याच वेळी ब्राउझरही सुरक्षित साइट उघडायला नकार देतो, त्यामुळे माणसाला वाटतं नेटच गेलंय. किराणा दुकानातही मिळणारा सेल बदलला आणि वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू केली की काम झालं. रास्पबेरी पायच्या बहुतेक मॉडेलांत असं बॅटरीवरचं घड्याळ नसतंच, ते नेटवरून वेळ घेतं. वीज आधी आली आणि नेट चार तासांनी आलं, तर मधल्या वेळात त्याची वेळ चुकीची असते. थोडं थांबा, इतकंच.

आता ज्याच्यापायी लोक सगळ्यात जास्त डोकं फोडून घेतात, ती गोष्ट. जोडण्यांच्या यादीत दहा दिसतात, त्याच्यावर आकडा जात नाही. इंटरनेटवर कुठेतरी वाचलेलं असतं की नोडला सव्वाशे जोडण्या होतात. मग राऊटरमध्ये ८३३३ नंबरचं पोर्ट उघडायचं, राऊटर बंद-चालू करायचा, नवा राऊटर आणायचा, असं सुरू होतं. श्रोतेहो, दहा म्हणजे सगळं ठीक. बिटकॉइन कोअर स्वतःहून बाहेर दहाच जोडण्या करतं, आठ पूर्ण आणि दोन फक्त ब्लॉकपुरत्या. तुमची नोंद ताजी ठेवायला त्या पुरतात. बाकीच्या जोडण्या म्हणजे बाहेरचे नोड तुमच्याकडे येतात त्या. त्या आल्या नाहीत तर तुमचं काही अडत नाही, फक्त नव्या लोकांना नोंद देण्याच्या कामात तुमचा हात लागत नाही.

त्या येत का नाहीत? जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आत प्रत्येक राऊटरला एक खाजगी पत्ता. त्याला सीजीनॅट म्हणतात. घरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टी यात अडत नाहीत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या ज्या एआय ऊसशेतीचं नाव मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी २०२५ च्या सुरुवातीला घेतलं, तसल्या शेतातला सेन्सर आपली माहिती बाहेर पाठवतो, यूट्यूबही आपणच मागवतो; सगळं सुरळीत. पण बाहेरच्या कुणाला आपणहून तुमच्याकडे यायचं असेल, तर कंपनीच्या यंत्राला कळत नाही की यातलं घर कुठलं. तुम्ही राऊटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, त्याच्या पलीकडचं दार कंपनीच्या ताब्यात आहे.

ओळखायची खूण सोपी. राऊटरच्या पानावर वॅन आयपी म्हणून जो पत्ता दिसतो तो वाचा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. ही पट्टी २०१२ पासून त्याच कामासाठी राखून ठेवली आहे. सुरुवात १० नं असेल तरी बहुधा तेच. आणि १९२.१६८ असेल तर घरात एकामागे एक दोन राऊटर लागलेत का बघा. हे मात्र आपलं आपल्याला निस्तरता येतं.

मग करायचं काय? एक, कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्यासाठीचा खरा पत्ता, मागा. महिन्याला जास्तीचे पैसे पडतात, आणि फुकटच्या कामासाठी ते भरावेत असं मी कुणाला सांगणार नाही. दोन, आयपीव्ही ६. नव्या पद्धतीचे हे पत्ते आपल्या देशात चांगलेच पसरलेत आणि त्यात पत्ता वाटून घ्यावा लागत नाही. पण राऊटरची फायरवॉल आत येणाऱ्याला अडवते आणि कंपनीनं दिलेल्या काही राऊटरांत ती उघडायचं बटणच सापडत नाही. तीन, टॉर नावाचं निनावी जाळं. यात तुमचा नोड आतून बाहेर वाट काढतो आणि लोक त्याच वाटेनं येतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. टॉर चालू असेल आणि त्याचं कंट्रोल पोर्ट नोडला दिसत असेल, तर बिटकॉइन कोअर स्वतःचा ओनिअन पत्ता, म्हणजे टॉरवरचा पत्ता, आपणहून तयार करतं. वेग कमी असतो. पहिली मोठी नोंद साध्या नेटवर उतरवून घ्या आणि टॉर नंतर जोडा. आपल्या भागातल्या बहुतेक घरांना मी हाच मार्ग सांगेन.

बाहेरचे नोड येऊ लागले की अपलोड वाढतो. बऱ्याच घरगुती प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, त्यामुळे नोडच्या सेटिंगमध्ये दिवसाच्या अपलोडला मर्यादा घालून ठेवा. आणि ८३३२ नंबरचं पोर्ट कधीही बाहेर उघडू नका. ८३३३ हे नोडांनी एकमेकांशी बोलण्याचं, ८३३२ हे तुमच्या नोडला हुकूम देण्याचं. एका आकड्याचा फरक आहे, पण वॉलेट त्याच संगणकावर असेल तर तो फार महाग पडतो. राऊटरचा मूळचा पासवर्ड ‘अॅडमिन’ असाच ठेवला असेल तर तोही आजच बदला.

केबलवाल्याला किंवा कंपनीला फोन करायची वेळ आलीच, तर ‘माझा क्रिप्टो नोड चालत नाही’ असं सांगू नका. पलीकडच्याला त्यातलं काही कळणार नाही, तो राऊटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवेल. आधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: लॉसचा दिवा कसा आहे, प्रकाशाची पातळी किती आहे, आणि वॅन आयपी काय आहे. फोनवर तेवढंच वाचून दाखवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या.