परदेशात इंग्रजी शिकविताना केलेला चिनी भाषेचा अभ्यास

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मला 'परदेशातील संधी' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. विषय फार मोठा आहे. मी फक्त माझ्यावर गुदरलेले तेवढे सांगणार आहे, आणि त्यात यशापेक्षा चुका जास्त आहेत.

मी नांदेडला इंग्रजी विषय घेऊन बी. ए. आणि नंतर बी. एड. केले. संस्थेच्या शाळेत लागायचे तर जी रक्कम मागितली जात होती, ती आमच्या घराच्या किमतीएवढी होती. म्हणून २०१७ साली आईचे दागिने मोडून एका एजंटाला पैसे दिले आणि थायलंडला गेले. त्याने मला पर्यटक व्हिसावर पाठविले. 'तिकडे गेल्यावर कागदपत्रे होतात' असे त्याचे म्हणणे. बँकॉकजवळच्या एका शाळेने तीन महिने शिकवून घेतले, कागद मात्र केले नाहीत. पर्यटक व्हिसावर नोकरी करणे बेकायदा आहे, हे मला तिथल्या एका मल्याळी शिक्षिकेने सांगितले, तेव्हा माझे पाय लटपटले. ती शाळा सोडली. पुढे नाखोन पाथोम या गावी दुसऱ्या शाळेने नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी असे सर्व रीतसर काढून दिले. तेव्हा कुठे रात्री झोप लागू लागली.

त्या गावात फ्रा पाथोम चेदी नावाचा प्रचंड स्तूप आहे. शाळेच्या वाटेवर तो रोज दिसे. शाळा सकाळी आठला झेंडावंदनाने सुरू होई. पहिल्या दिवशी मी फळ्यावर २०१७ लिहिले, तर मुलांनी हसून २५६० करायला लावले, कारण तिथे बुद्ध वर्ष चालते. थाई मुले शब्दाच्या शेवटचा 'स' खाऊन टाकतात. 'हाऊस'चे 'हाऊ' होते. त्या एका 'स'पायी माझी दोन वर्षे गेली म्हणा ना! मुले मात्र गोड. जून महिन्यात गुरुवंदनेच्या दिवशी मुले गुडघ्यावर बसून फुले देतात. एरव्ही आपल्याला 'मॅडम' म्हणण्याचाही कंटाळा करणारी मुले मी पाहिली होती, त्यामुळे पहिल्या वर्षी मला रडू आले.

पगार वीस हजार बात. माझ्याच वर्गाचा निम्मा भाग शिकविणाऱ्या इंग्रज गृहस्थांना पस्तीस हजार. ते बी. एड. नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्ट वेगळा होता, इतकेच.

याच शाळेत चीन सरकारने पाठविलेली एक स्वयंसेवक शिक्षिका होती. चीन असे शिक्षक थायलंडला २००३ पासून पाठवीत आला आहे. तिला इंग्रजी सुधारायचे होते. मग रोज संध्याकाळी एक तास मी तिला इंग्रजी शिकवी आणि एक तास ती मला चिनी. चार सूर घटवता घटवता जीभ दुखायची. पण मराठीने मोठी मदत केली. चिनी लोक 'प' आणि 'फ'मध्ये आपल्यासारखाच श्वासाचा भेद करतात. रोमन लिपीत ते 'बी' लिहितात तो आपला 'प' असतो, म्हणून त्यांच्या राजधानीचा उच्चार पेइचिंगच्या जवळचा. आणि 'चमचा'मधला 'च' तर त्यांच्याकडे जसाच्या तसा आहे. इंग्रज गृहस्थ त्या एका अक्षरावर महिनाभर अडले होते. एके दिवशी 'छाना' हा शब्द आला. अर्थ विचारला, तर आपला 'क्षण'! बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेला.

आता माझी मुख्य चूक. डिसेंबर २०१९ मध्ये मी एच.एस.के. ही चिनी भाषेची परीक्षा चौथ्या पातळीपर्यंत पास झाले. २०२०च्या सप्टेंबरात चीनमध्ये शिकायला जायचे ठरले होते. मार्चमध्ये कोरोनामुळे चीनने सीमा बंद केल्या. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळू लागला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी हे प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते. माझे रद्दी झाले. इथवर दोष कोणाचाच नाही. पण त्यानंतर मी 'आणखी एक वर्ष' म्हणत तीन करार केले, तो दोष माझा. पगार येतो, गावी पैसे जातात, आई शेजारणींना फोटो दाखवते. माणूस बसून राहतो.

चीनमध्ये जाऊनही इंग्रजीच शिकवू, असे कोणी म्हणेल. तिथे त्या कामाचा परवाना साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. आपल्याला तो दरवाजा बंद समजा. जायचे तर विद्यार्थी म्हणूनच. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीला एम. ए. साठी वयाची अट ३५च्या आत आहे. मला चौतिसावे चालू आहे.

म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये पाचवी पातळी पास झाले, आणि अनुवाद व दुभाषी या विषयाच्या एम. ए. साठी अर्ज केला आहे. मनातून ओढ वेगळी आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. पु. वि. बापट यांनी चिनी शिकून 'समंतपासादिका'च्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर हिराकावा या जपानी विद्वानांसोबत १९७० साली प्रसिद्ध केले. तसे काम मराठीत करावे, असे फार वाटते. पण त्यावर घर चालत नाही. रांजणगावला हायरसारखा चिनी कारखाना आहे, तिथे दुभाष्याला काम मिळू शकते. २०२० नंतर चिनी गुंतवणुकीवर आपल्या सरकारने निर्बंध आणले, त्यामुळे तेही खात्रीचे नाही. तरी आधी दुभाषी, मग ग्रंथ, असा क्रम मी लावला आहे. आईला तो पटला आहे. मामांना नाही. त्यांचे म्हणणे आधी लग्न.

अर्जाचा निकाल यायचा आहे. नाही आला तर वयाची अट संपण्याआधी आणखी एकदा अर्ज करता येईल.

थायलंडला जाऊ इच्छिणाऱ्यांनी आपला व्हिसा आणि करारपत्र एजंटाला पैसे देण्यापूर्वी मला दाखवावे. मी रविवारपर्यंत गावातच आहे. जयभीम.