वावळाचा हंगाम

थंडी म्हणजे हुरड्याचा हंगाम. शेवटी शेवटी तो वावळाच्या परागांचाही होतो, पण याची दखल दमेकरीच घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत वावळाची पानं झडतात आणि उघड्या फांद्यांवर बारीक, हिरवट फुलं येतात. ना रंग, ना तोरा; आम्हा कवींना त्याचं काय! मधमाशीवर त्याची भिस्त नाही. सगळा कारभार वाऱ्याचा, आणि आडवं यायला पानही नाही.

पहाटेच्या दवात परागकोश मिटलेले असतात. ऊन चढून हवा कोरडी झाली की उकलतात. मिलिमीटरचे ४० भाग केले तर त्यातल्या एखाद्याएवढा हा कण, तापल्या हवेबरोबर उंच जातो. सांजेला जमीन निवते, थंड हवा खाली बसते आणि वर उबदार थराचं झाकण पडतं. मग धूर, धूळ, पराग सारं नाकाच्या उंचीवर कोंडतं. अवकाळी सर आली तर तेवढी हवा धुतली जाते.

अम्मीचा दमा नेमका तेव्हाच उसळे. डॉक्टरांनी गोधड्या बाहेर वाळत घालू नका म्हणून बजावलं. तिला मात्र उन्हाचा वास असलेलीच गोधडी लागे.

गल्लीतला वावळ तोडायच्या अर्जावर मी सही केली नाही. पराग पुढच्या गल्लीतूनही येतात.