थँक्सगिव्हिंगची टर्की
अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, घरोघरी अख्खी टर्की भाजतात. हा वार 1941च्या कायद्याने पक्का झाला. तयारी मात्र तीन-चार दिवस आधीच सुरू होते, कारण गोठवलेल्या पक्ष्याचा बर्फ फ्रीजमध्येच सुटावा लागतो. दर दोन किलोंमागे साधारण एक दिवस. ओट्यावर ठेवून घाई केली, तर आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेरच्या मांसात जंतू वाढतात.

खरी पंचाईत भाजताना होते. छातीच्या मांसात चरबी कमी, ते लवकर शिजते. मांड्यांना वेळ लागतो. मांडी होईस्तोवर छातीचा चोथा! आदल्या दिवशी मीठ चोळून ठेवले, तर मांसातला ओलावा बराच टिकतो. ओव्हन किमान 163 अंश सेल्सिअसवर हवा. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसलेल्या तापमापकाने 74 अंश दाखवले, की टर्की शिजली. रंगावर विसंबू नये. पोटात भरलेले पावाचे सारणही तेवढेच तापावे लागते, म्हणून ते वेगळ्या भांड्यात भाजणेच शहाणपणाचे.

बाहेर काढलेली टर्की 20 मिनिटे तशीच ठेवून मग कापतात. तेवढ्यात ट्रेमधल्या चरबीत मैदा परतून, रस घालून ग्रेव्ही होते. जोडीला कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस आणि शेवटी पम्पकिन पाय.